वच्छलाच्या पापण्या

“अवो बाई! आंधळ्या झाल्या का? एवढी मोठी गाडी दिसत नाई, हॉर्न आयकू येत नाई — मराले निंगाल्या का बजारात?”

मोटरसायकलवाला ओरडत होता. बाजाराचा दिवस, आंधळगावची भर गर्दी, आणि माझी धाकटी जाऊ वच्छला रस्त्यात पडलेली. पिशवीतली वांगी चारी दिशांना पळालेली. गाडी डावीकडून आली होती. हळू आली होती. एरवी मी ही गोष्ट सांगितली असती तर गाडीचा ट्रक केला असता, आणि ट्रकला ब्रेक ठेवले नसते. आज जेवढं आहे तेवढंच सांगायचं ठरवून बसले आहे — बघू किती जमतं ते. गाडी हळू होती, हॉर्न वाजत होता, वर पिवळ्या शर्टाचा धिप्पाड माणूस होता, आणि वच्छलाने सरळ त्याच्यापुढे पाऊल टाकलं. जणू तिथे कोणी नव्हतंच.

मी पाच पावलं मागे होते. धावले, आणि त्याच्यावर असा आवाज चढवला की भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. ओरडण्यात मला तालुक्यात जोड नाही. “तुह्या डोळ्यात का माती गेली होती रे? बाईमाणसाले असा बोलते?” तो बिचारा खाली वाकून वांगी उचलू लागला. त्याला वाटलं, आपण शिवी दिली. खरं तर त्याने निदान केलं होतं. आणि त्या सगळ्या बाजारात ते खरं आहे हे माहीत असलेली एकच बाई होती — जी त्याच्या अंगावर सगळ्यात मोठ्याने ओरडत होती.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही मधला तेवढा भाग गाळून बाकीचं सांगितलं. त्यानेही कधी खोदून विचारलं नाही. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बरं पडेल — नाही का?

पण आधी माझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मी साधीसुधी बाई आहे. मी गोष्टी सांगते. पोथीतल्या नाही, घडलेल्या. थोड्याफार घडलेल्या. माझ्या मामाच्या गावच्या तलावात एक मासा होता, तो दर पोळ्याला काठावर येऊन बैल मोजून जायचा. माझ्या लग्नात असा पाऊस झाला की मांडव वऱ्हाडासकट वाहत दोन गावं पुढे गेला, आणि तिथल्या लोकांनी आम्हाला आपलंच वऱ्हाड समजून जेवायला वाढलं. गावात कोणी फार फेकायला लागला की त्याला विचारतात, “काय रे, दुर्गाकाकूकडं शिकून राहिला का?” दुर्गाकाकू म्हणजे मी. लोक हसतात आणि ऐकतात. विश्वास कोणी ठेवत नाही. तसाच आमचा करार आहे. तीस वर्षांत तो एकदाच मोडला.

आमचं घर कोसा, म्हणजे रानरेशीम, विणणाऱ्यांचं. दोन भाऊ, दोन माग, एक अंगण. माग पुरुष चालवतात. कांड्या भरणं, म्हणजे नळ्यांवर तार गुंडाळणं, आणि तुटलेला तार सांधणं आम्हा बायांकडे. कोशाचा तार बघितला आहे कधी? उन्हात धरला तर आहे, सावलीत नेला की नाही. तो तुटला की दोन टोकं चिमटीत धरायची, बोटाला जराशी राख लावायची आणि असा पीळ द्यायचा की सांधा दिसूही नये आणि हाताला लागूही नये. मी सांधलेली जागा सापडते. वच्छलाने सांधलेली सापडत नाही. सासरे होते तेव्हा तिच्या कापडावर बोट फिरवत फिरवत विचारायचे, “कोठी हाय वं?” — आणि हसायचे. माझ्या कापडावर बोट फिरवून काही विचारायचे नाहीत. विचारायची गरजच पडायची नाही.

म्हणून आमच्या घरात डोळे तपासायची एकच रीत. तार सांधता येतो? मग डोळे ठणठणीत. सासूबाईंचा मोतीबिंदू कळला तो तार सांधेना म्हणून. मला चष्मा लागला तोही त्याच परीक्षेत नापास होऊन. डॉक्टर मागून, तार आधी. ही रीत मी शोधली नाही. मी फक्त ती वापरली — कशी वापरली, ते येईलच.

आणि वच्छलाचे डोळे कसले होते? घारे. आमच्या सगळ्या घराण्यात कोणाचे नाहीत असे, पाण्यात पिकलेलं पान पडावं तसे. ती लग्न होऊन आली त्या दिवशी शेजारच्या बायांनी घुंघट वर केला आणि “अगा माय!” म्हणाल्या. माझ्या वेळी काय म्हणाल्या होत्या माहीत आहे? “तब्येतीनं चांगली हाय.”

बघा, मी कुठून सुरू केलं. तीस वर्षांमागून. पण हेवा असाच असतो. तो काही दाराशी येऊन कडी वाजवत नाही, तो घरातच राहून म्हातारा होतो.

गावात डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा आषाढ होता. मी चष्म्याचा नंबर बघायला गेले, वच्छला मला सोबत म्हणून आली. तिला काहीही होत नव्हतं. आणि निघालं तिलाच. डोळ्यात दाब फार आहे म्हणाले, काचबिंदू आहे, भंडाऱ्याला जाऊन दाखवा. भंडारा मला पाठ. शिकलेली मी सातवीपर्यंत, ती तिसरी. म्हणून मीच घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं — दाबाने डोळ्यामागची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक थेंब. जन्मभर.

मग वच्छलाला आतल्या खोलीत आणखी कसल्याशा तपासणीला नेलं, आणि सिस्टरने मला बाहेरच्या बाकावर बसवून पाठ द्यावा तसं सगळं सांगितलं. खालची पापणी ओढायची, एकच थेंब टाकायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. डोळा मिटायचा आणि नाकाशेजारच्या कोपऱ्यात बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही, डोळ्यातच राहतं. पापणीवर ओघळलेलं लगेच स्वच्छ कपड्याने टिपायचं, नाहीतर कातडी काळवंडते. सुरुवातीला डोळे लाल होतील, चुरचुरतील. कमी झालं नाही तर दाखवायला या, दुसरं औषध असतं, डॉक्टर बदलून देतात. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्याने टाकून द्या. “आणि मावशी, पापण्यांचे केस लांब होतील, दाट होतील, त्याले भ्यायचं नाही. यांचे डोळे घारे आहेत, रंग थोडा गडद होईल — तो मात्र मग जात नाही. पण त्यानं दिसण्याले काही होत नाही.” मग तिने माझं मनगट धरलं. मी हुशार दिसत असेन. “काही झालं तरी मनानं बंद करू नका. त्रास झाला तर या. बंद नाही.”

हे सगळं तिने मला सांगितलं. वच्छलाला नाही — मला. माझ्याकडे सांभाळायला दिलं म्हणा.

मी त्यातलं किती पोचतं केलं? थेंब सांगितला. बोट दाबणं सांगितलं. लाली सांगितली, कारण ती दुसऱ्या दिवशी दिसणारच होती. टिपायचं राहिलं. तेव्हा खरंच राहिलं, मुद्दाम नव्हे. एवढं तरी माझ्या बाजूने असू दे. नाही, असू दे कशाला? राहिलं एवढंच.

श्रावणात पुन्हा दाखवून आलो. दाब उतरला होता, डॉक्टर खूश, वच्छला खूश, मीही खूश. आणि मग पापण्या वाढायला लागल्या.

कशा वाढल्या काय सांगू? नवरात्रापर्यंत अशा झाल्या की तिने डोळे मिटले की समोरच्याला वारा लागायचा. दिव्याजवळ बसली तर भिंतीवर दोन पंखे हलायचे. बरं, हे मी फेकते आहे, पण थोडंच. पन्नाशी ओलांडलेली बाई, हातापायांवर कामाचे घट्टे, आणि वर हे डोळे — घारे, आणि त्यांच्याभोवती काळीभोर झालर. भाऊजी, म्हणजे माझा दीर, ज्याने तीस वर्षांत बायकोला “चहा ठेव”पलीकडे काही म्हटलं नव्हतं, तो माग थांबवून बघायला लागला. मी स्वतः बघितलं. मागाचा धोटा हातात, तोंड उघडं.

मी काय केलं माहीत आहे? हसू नका. आधी पापण्यांना एरंडेल लावलं. आठ दिवस मला सगळं घर तेलकट दिसत होतं. मग एरंडेलाने काही होईना, तेव्हा तिची बाटली चोरली. ती नदीवर कपडे धुवायला गेली की कोनाड्यातून काढायची, आपल्या डोळ्यात एक थेंब, परत जागेवर. चार दिवस. पाचव्या दिवशी माझे डोळे असे लाल झाले की नवऱ्याने विचारलं, “मोहाची पिऊन आली का?” चुरचुर, पाणी, खाज. पापणी एक केसही पुढे सरकली नाही. मी थांबले. लाली उतरली. पण ती चुरचुर आत कुठेतरी गेली आणि तिथेच बसली.

तरीही — तरीही कदाचित एवढ्यावर निभावलं असतं. मग मंडई आली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते — भाजीची नव्हे, जत्रेसारखी. पाहुणे येतात, नाचगाण्याची दंडार उभी राहते, आणि दंडार सुरू व्हायच्या आधी आमच्या अंगणात माझी बैठक असते. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, पण काही पाहुणे दंडारीसाठी येत नाहीत, माझ्यासाठी येतात. त्या दिवशी वीस-पंचवीस बाया होत्या. मी वाघाची गोष्ट लावली होती. वाघ रानातून निघून आमच्या विहिरीपर्यंत आला होता, मी दोर सोडून घागर वर ओढत होते, आणि घागर नेहमीपेक्षा जड का लागते म्हणून खाली वाकून बघत होते. एकही बाई श्वास घेत नव्हती. असं मौन मला वर्षातून एकदा मिळतं.

आणि वच्छला चहाचं ताट घेऊन बाहेर आली. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर आलं, तिने डोळे बारीक केले. झालं.

“माय वं! हे काय होय वो? डोळे पाहा हिचे!”

“खोट्या लावल्या का वं वच्छला?”

“ओढून पाहू का? — खऱ्या हाय वं!”

एकीने हनुवटी धरली, दुसरीने मोबाईल काढला. चहा तिथेच थंड झाला. वच्छला लाजत म्हणत होती, “अवो, औषधानं वाढल्या, बिमारी हाय मले,” आणि बाया म्हणत होत्या, “अशी बिमारी आमाले कायले नाई होत?” मी विहिरीवर वाकलेली. वाघ माझ्यामागे उभा. पुढे काय झालं, हे एकीनेही विचारलं नाही. त्या दिवशीच नाही, आजपर्यंत नाही.

तिच्याकडे सांधे होते, डोळे होते, सासऱ्यांचं हसणं होतं. माझ्याकडे एक अंगणभर बाया होत्या. त्याही तिने नेल्या — नेल्या, आणि नेल्याचं तिला कळलंही नाही. न कळता नेलं म्हणून माझा राग दुप्पट झाला. मागून नेलं असतं तर मी दिलं असतं. असं मला वाटतं. खरं काय, कोण जाणे.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी वरठीच्या बाईची गोष्ट सुरू केली. वरठीला अशी कोणी बाई नाही. पण मी म्हटलं, वरठीला एका बाईने हेच थेंब टाकले, तर तिच्या पापण्या एवढ्या वाढल्या की निजताना उशीवर पसरून ठेवाव्या लागायच्या आणि लग्नाला जाताना तिची सून त्यांना वेणी घालायची. सगळे हसले. वच्छला सगळ्यात जास्त हसली. “काय वो बाई तुमी पण!” करार पाळला गेला.

दुसऱ्यांदा ती गोष्ट मी आम्ही दोघीच असताना सांगितली. कांड्या भरत बसलो होतो. माझ्या गोष्टीत आवाज वर जातो, हे तिला माहीत. त्या दिवशी मी आवाज खाली नेला. म्हटलं, त्या वरठीच्या बाईच्या पापणीची कातडी काळी पडली. मग डोळ्यांचा रंग बदलायला लागला. मग एक दिवस...

“एक दिवस का?”

“जाऊ दे,” म्हटलं मी. आणि कांडी भरत राहिले.

मी आयुष्यात एकही गोष्ट अर्धी सोडलेली नाही. तिला हे माहीत होतं. ती उठून आरशाकडे गेली. बराच वेळ उभी राहिली. आणि काय दिसलं असेल तिला? कातडी काळवंडलेलीच होती — टिपायचं मी कुठे सांगितलं होतं? रंगही गडद झालेलाच होता, सिस्टर म्हणाली होती तसा. मी रचलेल्या गोष्टीला पुरावा तिच्याच तोंडावर होता. परत येऊन बसली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं,

“सिस्टरनं असं काही सांगतलं होतं का वो बाई?”

इथे थांबते जरा.

इथे मी “नाही” म्हणू शकले असते. “सिस्टर म्हणाली भ्यायचं नाही, पुसत जा, दिसण्याला काही होत नाही” — एवढी वाक्यं तोंडात तयार होती, हसत हसत बोलता आली असती. किती लागला असता वेळ? एक कांडी भरायला लागतो त्याच्या अर्धा.

“सांगतलं तं होतं,” मी म्हटलं. “तुले भेव वाटन म्हणून बोलली नाई.”

तिने कोनाड्यातल्या बाटलीकडे बघितलं. मग म्हणाली, “बंद करू का मंग?”

“मी कशी सांगू बापा? डोळे तुहे.” आणि मग ती रीत काढली — आमच्या घराची, पिढ्यांची. “तार सांधता येते ना पण तुले?”

तिने एक तार तोडला, राख घेतली, सांधला. माझ्या हातात दिला. मी बोट फिरवलं. सापडला नाही.

“मंग?” मी म्हटलं.

मधलं शेवटपर्यंत राहतं, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मधलं. सांधताना तार डोळ्यांसमोर मधोमधच धरतात ना?

तिने बाटली कोनाड्यात ठेवली ती ठेवलीच. पुढच्या तपासणीचं कार्ड माझ्याकडे होतं. तारीख आली तेव्हा मी म्हटलं, थेंबच बंद आहे तर कशाला जायचं, बसचे धक्के खायला? होळीपर्यंत तिच्या पापण्या झडून साध्या झाल्या, माझ्यासारख्या. आणि मला आनंद झाला. मी हे साफ सांगते, कारण एरवीच्या गोष्टीत मी ते कुठेतरी लपवलं असतं. मला आनंद झाला. पुढच्या मंडईत मी गोष्ट सांगितली, आणि बाया शेवटपर्यंत बसल्या.

मग खुणा दिसायला लागल्या. मला आधी दिसल्या, कारण मीच त्या शोधत होते. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. अंगणातली शेळी डावीकडे उभी असली की तिच्यावर आदळायची आणि शेळीलाच बोलायची, “कोठून आली वं?” ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची. भाऊजी म्हणाले, “वय झालं हिचं.” मी मान हलवली. आणि ती? ती तार सांधत होती, पहिल्यासारखीच, बोटाला न लागणारा. सगळं घर तिच्या हाताकडे बघून निश्चिंत होतं. मी गोष्टी सांगून लोकांना फसवते असं म्हणतात. त्या तारासारखी फसवणूक मला जन्मात जमली नाही.

दीड वर्ष असं गेलं. मग तो बाजार, ती गाडी, ती वांगी.

पडून तिचं कोपर सुजलं होतं म्हणून भाऊजी तिला भंडाऱ्याला घेऊन निघाले, आणि मी म्हटलं, मीही येते, डोळ्यांचंही दाखवून आणते. आता मला घाई झाली होती. तिथे तिला एका यंत्रात डोळा लावून बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. ठिपके येत होते, तिचा अंगठा हलत नव्हता. कितीतरी ठिपके. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याचं चित्र कडेने काळं, मधे फक्त एक पांढरी वाट. उजव्यातही काळं शिरायला लागलेलं.

डॉक्टरांनी जुना कागद काढला, नवा शेजारी ठेवला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. विचारलं, “थेंब कधीपासून बंद आहेत? कोणी सांगितलं बंद करायला?”

आता ऐका. इतका वेळ मी वळसे घेत होते ते ह्यासाठी. हेवा, वरठीची बाई, अर्धी गोष्ट — ते सगळं वाईटच, पण ते बोलताना मी मनात म्हणू शकत होते की मला एवढं माहीत नव्हतं. त्या खोलीत मला सगळं माहीत होतं. टेबलावर दोन कागद होते. वच्छला तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले,

“विसरभोळी हाय साहेब. मी लय सांगतलं. आयकतच नाई.”

वच्छलाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते, म्हणून तिला पूर्ण मान वळवावी लागली. त्या एका मान वळवण्यात मला सगळं काही सापडायला हवं होतं, नाही का? मी डॉक्टरांकडे बघत राहिले. ते तिला म्हणाले, “बाई, जे गेलं ते तुमच्या निष्काळजीपणाने गेलं. आता जे आहे ते तरी सांभाळा.” ती म्हणाली, “हो जी.”

हो जी. माझं पाप तिने असं पदरात घेतलं, जसा कोणी दुकानदार चुकून दुसऱ्याचा माल देतो आणि बाई न उघडता घरी आणते.

आता दोन बाटल्या आहेत. एक थेंब, मग दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. दुसऱ्याने नाडी मंदावते, दम लागू शकतो, म्हणून डॉक्टरांनी दम्याचं विचारून घेतलं, आणि बोट नीट दाबून धरायला सांगितलं आहे. बाजारात ती आता एकटी जात नाही. भाऊजी जाऊ देत नाहीत. नदीवरही नाही. तिच्या जगण्यातला निम्मा रस्ता गेला. अंगण, माग, चूल — एवढं राहिलं. कातडी काळी पडत नाही, कारण थेंब मी टाकते आणि लगेच टिपते. पापण्या पुन्हा वाढू लागल्या आहेत. सुंदर दिसतात. अजूनही मला ते खुपतं — हो, अजूनही. तुम्हाला वाटलं असेल, एवढं झाल्यावर ते तरी गेलं असेल.

परवा संध्याकाळी दिवे लागले होते. ती खाटेवर बसली, मान मागे टाकली. मी खालची पापणी ओढली, थेंब टाकला, ओघळ टिपला. तिने डोळे मिटले आणि दोन्ही कोपऱ्यांत बोटं दाबली. त्या दोन मिनिटांत तिला कोणाचं तोंड बघायचं नसतं, आणि कोणाला तिचं. मी बोलले. वरठीला कोणी बाई नाही म्हणाले. सिस्टर काय म्हणाली होती ते सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, टिपण्यासकट. मंडईतली दुपार सांगितली. तुझी बाटली चोरली होती तेही सांगितलं. डॉक्टरांसमोर काय बोलले ते तिने ऐकलंच होतं, तरी पुन्हा बोलले — मी खोटं बोलले, तू विसरली नव्हतीस, मी विसरवलं. एकही शब्द फुगवला नाही. आवाज वर गेला नाही, खालीही नाही. मला कळत नव्हतं की माझा आवाज असा आहे.

तिची बोटं हलली नाहीत. डोळे मिटलेले. त्या काळ्याभोर पापण्या गालावर टेकलेल्या.

“झाले का वो बाई, दोन मिनटं?” ती म्हणाली.